भाताचा वास

परिषदेचं निमंत्रण आलं तेव्हा प्रेरणा कापूरहोळच्या फाट्यावर एका ढाब्याच्या बाकड्यावर बसून मिसळ खात होती. शेजारच्या दुकानात संस्थेच्या गाडीचं पंक्चर काढणं चाललं होतं. आहारतज्ज्ञ बाईनं सकाळी सकाळी तर्रीवाली मिसळ खावी का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं आणखी एक पाव मागवला असता. त्या बाबतीत ती मोकळी होती. मोबाईल वाजला, तिनं डाव्या हातानं उचलून पाहिला, आणि पाव रश्शातच राहिला.

तिचा निबंध निवडला गेला होता. पुण्यातलं मोठं हॉटेल, डिसेंबरातला शनिवार-रविवार, देशभरातले आहारतज्ज्ञ, आणि तिला बोलायला दहा मिनिटं.

असल्या परिषदांबद्दल प्रेरणाची मतं केव्हाच तयार झाली होती आणि कुणी न विचारताही ती सांगत असे. प्रोटीन पावडरवाल्यांचा उरूस, असं ती म्हणायची. कुपोषणावरचं भाषण संपलं की तिथली माणसं थेट गुलाबजामच्या रांगेत उभी राहतात, त्यातल्या निम्म्यांनी नाचणीचं कणीस पाहिलेलं नसतं, आणि जाताना प्रत्येकाच्या खांद्याला तीच एक पिशवी लटकत असते. भोरच्या दवाखान्यात हे सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणालाच ठाऊक नव्हती ती गोष्ट एवढीच, की ही बाई गेली काही वर्षं दरसाल गुपचूप निबंध पाठवत होती आणि दरसाल तिला नकार येत होता. नकार आला की त्या वर्षी टीकेला जरा जास्त धार चढायची.

होकार आल्यावर कसं वागायचं, याची मात्र तिनं काहीच तयारी केलेली नव्हती. आपल्याला आनंद झालाय, हे स्वतःशी कबूल करायलाही गाडी नसरापूरच्या पुढे जावी लागली. मग आनंद झाल्याचा राग आला. जायलाच हवं का, असा एक विचार मनात आला, आणि त्याच्या पाठोपाठ, ब्लाउज शिवायला टाकला पाहिजे, असा दुसरा. माणसाचं मन असंच असतं. वर तत्त्वाची चर्चा चालू असते आणि खाली शिंप्याचा हिशेब.

प्रेरणा शिवऱ्याची. हायवेच्या कडेला वडिलांचं टायरचं दुकान, घरात ज्वारी-बाजरीची भाकरी. पुण्यात शिकली. बरोबरच्या मुलींनी शहरात दवाखाने थाटले, आणि ही भोरला एका धर्मादाय संस्थेच्या मधुमेह दवाखान्यात नोकरीला लागली. आठवड्यातून एकदा संस्थेची गाडी वेल्ह्याकडच्या गावांत जायची. तपासणीसाठी एक नर्स, गोळ्यांच्या पेट्या, आणि काय खायचं ते सांगायला प्रेरणा. डॉक्टर पंधरवड्याला पुण्याहून यायचे.

निबंध निवडला गेला तो गेनबामुळं. गेनबा राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावचा, सत्तरीचा, भाताची चार खाचरं राखून असलेला माणूस. त्याचा मुलगा सोमनाथ गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालायचा आणि त्यांच्या गाड्या अंगणात लावून घ्यायचा. गेनबाला साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली आणि प्रेरणानं त्याला सांगितलं, "बाबा, भात कमी करायचा. त्याऐवजी नाचणीची भाकरी."

गेनबानं मान डोलावली. पुढच्या खेपेला साखर आणखी वाढलेली. बरीच उलटतपासणी केल्यावर उलगडा झाला: गेनबा सांगितल्याप्रमाणं नाचणीची भाकरी खात होता, आणि मग जेवत होता. कारण त्या खोऱ्यात जेवण म्हणजे भात. भाकरी ही जेवणाच्या आधीची गोष्ट. ती कितीही खाल्ली तरी माणूस जेवला असं कुणी म्हणत नाही. प्रेरणा हसली, चिडली, पुन्हा हसली. शेवटी तिनं दवाखान्यातली एक स्टीलची वाटी त्याच्या हातात ठेवली.

"ही वाटी. एका वेळेला ह्या वाटीत मावेल तेवढाच भात. वर शीगसुद्धा नाही."

"ह्यात तर माजा नातू बी जेवनार न्हाई, म्याडम."

"नातवाला साखर नाही. तुम्हाला आहे."

दोन वर्षं ह्या वाटीवरून दोघांचं भांडण चाललं. ती गावात आली की गेनबा लांबूनच ओरडायचा, "आली माजी वाटीवाली!" आणि मग यंदाच्या भादव्यापासून चमत्कार घडायला लागला. गेनबाची एक वाटी अर्धी झाली. अर्धीची पाव झाली. साखर उतरत गेली. दिवाळीनंतर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आला तो पाहून प्रेरणानं नर्सला तपासणी पुन्हा करायला लावली. चाळिशीतल्या निरोगी माणसाला शोभेल असा आकडा होता.

"बाबा, केलंत काय?"

"काय न्हाई. भात नगो वाटतो आता." गेनबा ओट्यावर बसून पाय चोळत होता. पाय थोडे सुजले होते. खाचरात उभं राहून होतं असं, तो म्हणाला. "सुटला भात. तुमी जितला."

तिनं त्याचा फोटो काढला. गेनबानं ती स्टीलची वाटी हातात घेऊन पालथी धरली होती, रिकामी झाल्याची खूण म्हणून, आणि तोंडभर हसला होता. हाच फोटो तिच्या भाषणाचा मुख्य फोटो होणार होता.

त्याच दिवशी गेनबाची बायको बाळाबाई तिच्याशी कडाकडा भांडली. निमित्त नव्याचं झालं होतं. खाचरातलं नवं भात घरी आलं, की त्या घरांत त्याचा पहिला भात शिजवून देवापुढे ठेवतात, आणि मग पहिलं ताट घरच्या कर्त्याला. आंबेमोहोराचा भात, शिजायला लागला की शेजारच्या चार घरांना कळतं. बाळाबाईनं ताट वाढलं आणि गेनबा एक शीत तोंडाला लावून उठून बाहेर गेला.

"म्याडम, तुमी आमच्या मान्साला भातातनं उठवलं!" बाळाबाई गाडीच्या दाराशी येऊन म्हणाली. "जलमभर ह्या हातचा भात खाल्ला त्यांनी. आता वास आला की तोंड फिरवत्यात. नव्याचं ताट तसंच ठिवून उठलं! आसं काय मंतरून दिलंय तुमी त्या वाटीत?"

प्रेरणानं तिला समजावलं, चांगलंच आहे म्हणाली, आणि गाडीत बसल्या बसल्या ते वाक्य मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. असं वाक्य मागून मिळत नाही. पुण्याच्या सभागृहात यावर हशा पिकणार, हे तिला तिथंच दिसलं.

एक गोष्ट राहून गेली होती आणि ती तिला माहीतही होती. किडनीची वार्षिक तपासणी आषाढातल्या शिबिरात झाली. त्या दिवशी गेनबाची लावणी चालू होती, तो आला नाही. पुढच्या खेपेला करू, असं ठरलं. ते लांबत गेलं; भादव्यात साखर उतरलेली दिसली, आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला कुणी हजेरी विचारत नाही, तसं झालं.

परिषदेच्या दिवशी ती पहाटेची एसटी धरून पुण्याला गेली. नवा ब्लाउज, आईची इरकल साडी. हॉटेलच्या दारात तिला पिशवी मिळाली, पेन मिळालं, प्रोटीन पावडरची तीन पाकिटं मिळाली आणि गळ्यात अडकवायला नावाची पट्टी. पट्टीवर नावाखाली 'वक्ता' असं छापलेलं होतं. प्रेरणानं पट्टी उलटी फिरून मागची कोरी बाजू दिसू नये म्हणून ती साडीला पिनेनं टाचून टाकली. उरुसात आलोच आहोत तर पाळण्यातही बसून घ्यावं, असा साधारण विचार.

"अगं तू! भोरची भाकरी!" शिवानी दुरूनच ओरडली. शिवानी तिची कॉलेजची मैत्रीण. कोथरूडला दवाखाना, आणि मोबाईलवर तिचं बोलणं ऐकणारी लाखभर माणसं. तिनं प्रेरणाला मिठी मारली, फोटो काढला, आणि फोटो लोकांना दाखवायला टाकताना विचारलं, "तुझ्या गावाचं नाव काय लिहू? वेल्हे लिहिते, छान वाटतं." ह्या पोरीचा राग धरावा असं प्रेरणाला गेली पंधरा वर्षं वाटत होतं आणि जमत नव्हतं.

मोठ्या सभागृहात आतड्यातल्या जिवाणूंवर भाषण होतं. तिथं माणसं जमिनीवर बसली होती. प्रेरणाच्या मोबाईलची बॅटरी उतरत आली होती, म्हणून ती चार्जर लावायला जागा शोधत शोधत टोकाच्या एका लहान खोलीत शिरली. तिथं साठ खुर्च्यांवर आठ-नऊ माणसं बसलेली, आणि समोर पिकल्या केसांच्या एक आहारतज्ज्ञ बाई किडनीच्या रुग्णांच्या आहाराबद्दल बोलत होत्या. आवाज बारीक, माईक बिघडलेला, पडद्यावर नुसती अक्षरं. प्रेरणा भिंतीकडच्या खुर्चीत बसली, चार्जर लावला आणि आपल्या दहा मिनिटांची उजळणी करायला लागली. कुठल्या वाक्याला थांबायचं, बाळाबाईचं बोलणं कुठल्या आवाजात म्हणायचं.

"म्हाताऱ्या मधुमेही माणसाची साखर फारसं कारण नसताना सुधारायला लागली," बाई सांगत होत्या, "तर त्याचं अभिनंदन करायची घाई करू नका. आधी त्याची किडनी बघा. थकलेली किडनी गोळीचं औषध शरीराबाहेर टाकत नाही. गोळी साचत जाते, साखर उतरत जाते, आणि आपण खूश होतो. त्याला विचारा, पाय सुजतात का. जेवण जातं का. शिजत्या अन्नाचा वास नकोसा झाला असेल, तर ती शिस्त नव्हे. आजार आहे."

बाई पुढच्या मुद्द्याकडे गेल्या. आठ-नऊ माणसांपैकी कुणी मान वर केली नाही.

प्रेरणानं मात्र चार्जरमधून मोबाईल ओढून काढला. तिला भीती वाटली. लाज त्यानंतर वाटली, पण तिच्यासाठी आत्ता वेळ नव्हता. बाहेरच्या गालिच्यावर उभं राहून तिनं आधी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाच "अरेरे" म्हणाले आणि पुढचं भराभर सांगितलं. साखरेची गोळी आजपासून बंद. चक्कर, घाम असेल तर लगेच साखरपाणी. सोमवारी रक्त माझ्याकडे.

मग सोमनाथला. पालीत फोन लागणं हा नशिबाचा भाग. तिसऱ्यांदा लागला.

"म्याडम, आज शनवार, लई गर्दी हाय. मागनं करू का?" मागे पोरांचा गलका, कुणीतरी चहा मागत होतं.

"बाबा कुठं आहेत?"

"हितंच की. ओट्यावर पडल्यात. सकाळची गोळी घेतली, आन् जेवायला नगो म्हनलं. घाम सुटलाय म्हनत हुते. उन्हाचं आसंल."

"सोमनाथ, नीट ऐक. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर घाल आणि बाबांना पाज. आत्ता. माझ्याशी बोलत बोलत."

"साखर?"

"हो, साखर."

"म्याडम, तुमीच तर सांगितलंय, साखर घरात बी ठिवू नका. आईनं डबा कवाच माज्या बायकूच्या माह्येरी धाडला."

"मी सांगितलं होतं. आता मीच सांगतेय, पाज. चहा मागणाऱ्या पोरांसाठी आणली असशील ना? तीच घे."

"पर म्याडम, साखरेचा मानूस..."

"सोमनाथ!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पिशव्या वाटणाऱ्या मुली वळून बघायला लागल्या. "नाही पाजलीस तर बाबा बेशुद्ध पडतील. पळ!"

फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज, भांड्यांचा आवाज, बाळाबाईचा "आरं काय करतूयास, मारतूस का बापाला?" असा आवाज, मग सोमनाथचं "म्याडमनीच सांगितलंय." दोन वर्षं तिनं ज्या घरात साखरेविरुद्ध प्रचार केला होता, तिथं तिच्याच नावावर आता साखर ढवळली जात होती. प्रचार किती पक्का झालाय, हे तिला त्या दिवशी कळलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. समोर एक कंपनीवाला साखर नसलेल्या चॉकलेटचा तुकडा तिच्यापुढे धरून हसत होता. तिनं तो घेतला आणि हातातच धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं बाळाबाई फोनवर आली. "घेतलं त्यांनी. लिंबू पिळून दिलं म्या. उठून बसल्यात." आणि मग, "म्याडम, काय झालंय आमच्या मान्साला?"

"मावशी, सोमवारी गाडी घेऊन येते मी. रक्त तपासायचंय. तोवर ती साखरेची गोळी अजिबात देऊ नका. आणि ते खातील ते खाऊ द्या."

"खात्यात कुठं ते," बाळाबाई म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत प्रेरणा बुफेजवळ गेलीच नाही. तिथं यंदा भरडधान्यांचा खास कोपरा होता. नाचणीच्या इटुकल्या डोशांवर लोणी घालून देत होते आणि त्यापुढे सगळ्यात मोठी रांग होती. तिची पाळी जेवणानंतर पहिलीच होती. निघून जावं असं तिला वाटलं. एसटी पकडली तर संध्याकाळी पालीत. पण जाऊन करणार काय? सोमवारशिवाय रक्त कुणी घेणार नव्हतं, आणि साखरपाणी पाजायला सोमनाथ होता. शिवाय, हे खरंच सांगायला हवं, तिला त्या व्यासपीठावर चढायचं होतं. इतकं सगळं होऊनही ती इच्छा मेली नव्हती. याची तिला फार चीड आली, आणि त्या चिडीसकट ती पायऱ्या चढली.

पडद्यावर गेनबा झळकला, हातात पालथी वाटी. तिनं भातपट्ट्याची माहिती सांगितली, भाकरी खाऊन मग जेवण्याची गंमत सांगितली, लोक हसले. वाटीची गोष्ट सांगितली. मग बाळाबाईचं वाक्य पडद्यावर आलं. तिनं ते ठरवलेल्या आवाजात म्हटलं नाही, नुसतं वाचलं, तरी सभागृहात जोरात हशा पिकला. जेवण चांगलं झालेलं होतं.

"यात हसण्यासारखं काही नाही," प्रेरणा म्हणाली. "मलाही आज सकाळपर्यंत यात गंमतच वाटत होती. ह्या बाई मला सांगत होत्या की नवऱ्याचं अन्न सुटलंय, आणि मी ते माझं यश म्हणून लिहून घेत होते. ह्या माणसाची किडनी बहुतेक खराब झालीय. बहुतेक म्हणते, कारण मी तपासलीच नाही. हा आकडा जो तुम्हाला दिसतोय तो माझ्या वाटीमुळं आलेला नाही."

अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. टाळ्या झाल्या, सवयीच्या. एकीनं उठून विचारलं, की नाचणीची भाकरी थापताना तुटू नये म्हणून तिकडे काय करतात. प्रेरणानं सांगितलं, उकड काढतात. मग तिला एक रोपटं, एक चषक आणि एक प्रमाणपत्र मिळालं.

"सगळं मस्त होतं, शेवट उगाच बिघडवलास," शिवानी खाली आल्यावर म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "सीरियस आहे का गं तो?"

"माहीत नाही."

"पाणी पी आधी," शिवानी म्हणाली, आणि स्वतःच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. एवढ्यासाठीच तिचा राग धरता येत नसे.

प्रेरणा दुसऱ्या दिवशीच्या परिषदेला थांबली नाही. जाण्याआधी मात्र ती त्या टोकाच्या खोलीत पुन्हा गेली. पिकल्या केसांच्या बाई खुर्चीत बसून एकट्याच डबा खात होत्या. घरचा डबा, पोळी आणि दुधी. प्रेरणानं त्यांना गेनबाबद्दल सांगितलं. बाईंनी नाचणी किती, डाळ किती, लघवी किती, पायाची सूज किती, एवढं विचारलं आणि एका कागदी रुमालावर चार ओळी लिहून दिल्या. परिषदेच्या पिशवीतून तिनं भोरला आणलेली कामाची वस्तू तेवढीच.

रक्ताचा निकाल आला. किडनीचं काम निम्म्याहून बरंच जास्त थांबलेलं होतं. डायलिसिस आजच लागेल असं नाही, पण फार लांबही नाही, डॉक्टर म्हणाले.

"आपण वेळेत पोचलो की उशिरा?" प्रेरणानं विचारलं.

"दोन्ही," ते म्हणाले. "आता औषधं मी देतो. उलटीची भावना कमी होईल, जेवण थोडं जाईल. पण वजन टिकवायचं काम तुझं. अन्नच गेलं नाही तर माझ्या औषधांचा उपयोग नाही."

तिनं नवा तक्ता करायला घेतला. किडनी थकली की नाचणीतले क्षार तिला झेपत नाहीत. डाळ, शेंगदाणे, परसातला शेवगा, सगळ्याला हात आखडता घ्यायचा. मग पोट कशानं भरायचं? रुमालावर बाईंनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं, पुस्तकात शिकलेलं होतं. पांढरा भात. हे फोनवर सांगता आलं असतं. गाडीच्या खेपेला अजून अवकाश होता. तिनं एक दिवसाची रजा टाकली आणि मार्गासनीपर्यंत एसटी, तिथून पुढे दुधाचा टेम्पो, अशी पालीला गेली.

औषधं सुरू होऊन आठवडा झाला होता. गेनबा ओट्यावर उन्हात बसला होता. गालफडं आत गेलेली, पण तिला पाहून तो ओरडला, "आली वाटीवाली!" आवाज मात्र ओट्याखाली उतरला नाही.

तिनं दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. किडनी म्हणजे काय, ती का थकली, तपासणी कुठं राहून गेली. "तिथं माझं चुकलं," ती म्हणाली. "आणि मावशी, तुम्ही मला सांगायला आला होतात, ते मी ऐकलं नाही." बाळाबाईनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. तुमी हुता म्हनून साखर पाजली, असं काहीतरी ती पुटपुटली.

"मंग आता खायाचं काय?" गेनबानं विचारलं.

"नाचणी बंद," प्रेरणा म्हणाली. "भात."

गेनबाला वाटलं थट्टा चाललीय. "भात?"

"भात. दोन्ही वेळा."

गेनबा हसायला लागला. हसता हसता त्याला धाप लागली. "दोन वर्सं भांडलात, म्याडम. दोन वर्सं! आन् आता मला वास सोसंना, तवा म्हनताय भात खा."

"हो," प्रेरणा म्हणाली.

बाळाबाई तोवर उठून आत गेली होती. नव्याचा आंबेमोहोर तिनं वेगळा ठेवला होता; तो दिवस झाल्यापासून त्याला हात लावला नव्हता. भात चुलीवर चढला. थोड्या वेळानं त्याचा वास दारातून ओट्यावर आला, अंगणात गेला, रस्त्यावरच्या ट्रेकिंगच्या पोरांनी थांबून माना वळवल्या. गेनबानं नाकाला टॉवेल लावला. प्रेरणानं त्याच्याकडे बघायचं टाळलं. जिंकलेली लढाई हरून दाखवायला आलेल्या माणसानं कुठं बघावं, हे कुणी शिकवत नाही.

बाळाबाई बाहेर आली. प्रेरणाला तिनं ताट वाढलं होतं, भात आणि वर तूप. गेनबापुढे मात्र तिनं ताट ठेवलं नाही. ती स्टीलची वाटी आणली होती, दवाखान्याची. तिच्यात भात दाबून भरला होता, वर शीग.

"तुमचीच वाटी हाय," ती प्रेरणाला म्हणाली. "तुमीच सांगा त्यांला. माजं आयकत न्हाईत."

"बाबा, ही वाटी भरून खायची," प्रेरणा म्हणाली. "एका वेळेला ह्याच्यापेक्षा कमी चालणार नाही."

गेनबानं टॉवेल बाजूला केला. वाटी उचलून हातात तोलली, जशी त्यानं फोटोसाठी धरली होती. "मंग आता फोटू काडा की. भरल्याल्या वाटीचा. त्या तुमच्या पुन्याच्या लोकांना दावा."

प्रेरणानं मोबाईल काढला. पडद्यात गेनबाचा चेहरा आला, वाटी आली, मागे दाराला धरून उभी असलेली बाळाबाई आली. तिचं बोट थांबलं.

"आता नाही," ती म्हणाली. "वाटी रिकामी करून पालथी धरा. मग काढते."

गेनबानं वाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे. बाळाबाई तोंड वळवून उंबऱ्याकडे बघत राहिली. त्यानं चार बोटांनी भाताचा लहानसा घास केला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. तो घास तो बराच वेळ चावत राहिला. गिळल्यावर त्यानं एकदा प्रेरणाच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, ती तसाच धरून बसली आहे ना याची खात्री केली, आणि दुसऱ्या घासाला हात घातला.